डुकराची किडनी येईपर्यंत बाबांनी थांबायचं का?

पत्र

नमस्कार. माझे बाबा ५४ वर्षांचे आहेत. मधुमेह आणि रक्तदाबाने त्यांच्या किडन्या निकामी झाल्या. चौदा महिने झाले, राजापूरजवळच्या आमच्या गावाहून ते आठवड्यातून दोनदा रत्नागिरीला डायलिसिसला जातात. रक्तगट ओ पॉझिटिव्ह. आई ४९ वर्षांची. ती किडनी द्यायला तयार आहे, पण तिचा गट बी पॉझिटिव्ह. "जुळत नाही" एवढं सांगून तो विषय संपला. हिमोग्लोबिन उतरलं म्हणून बाबांना दोनदा रक्त चढवलं. मी २६ वर्षांचा, बहीण २३ वर्षांची. आमची तपासणी बाबा करू देत नाहीत. हल्ली ते मोबाइलवर डुकराची किडनी माणसाला बसवल्याच्या बातम्या बघतात आणि म्हणतात, "कुणाच्या पोटाला सुरी लावायची नाही. दोन-चार वर्षांत डुकराची किडनी मिळेल, तोवर मी काढतो." आजीला नुसतं ऐकूनच विटाळ वाटतो. बाबांचे धाकटे भाऊ, माझे काका, कुडाळला वराहपालन करतात. ते विचारतात, अशी डुकरं आपल्याकडे वाढवता येतील का? यात खरं किती? डुकरात नेमका काय बदल करतात? आणि आम्ही थांबावं का?
— एक मुलगा, राजापूर तालुका

उत्तर

थांबू नका. बातम्या खऱ्या आहेत, त्यामागचं शास्त्र भक्कम आहे आणि ते पुढे जाणार याबद्दल आम्हाला शंका नाही. पण तुमच्या बाबांच्या हातात जी वर्षं आहेत, त्यात भरवसा ठेवण्याजोगी ती गोष्ट नाही. शिवाय तुमच्या पत्रातच तीन-चार वाटा अजून न तपासलेल्या दिसतात. त्यांच्याकडे येऊच. आधी डुकराचं समजून घेऊ, कारण बाबांना नुसतं "नाही" म्हणून ते ऐकणार नाहीत. कारण कळलं तर ऐकतील.

आतापर्यंत काय झालं? मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये ६२ वर्षांच्या एका माणसाला जनुकीय बदल केलेल्या डुकराची किडनी बसवली. किडनी चालू झाली, तो घरी गेला आणि सुमारे दोन महिन्यांनी हृदयाच्या त्रासाने वारला. किडनी नाकारली गेल्याचं दिसलं नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ५३ वर्षांच्या बाईंना तशी किडनी मिळाली. ती १३० दिवस चालली, मग काढावी लागली आणि त्या पुन्हा डायलिसिसवर गेल्या. जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा बॉस्टनमध्ये ६६ वर्षांच्या गृहस्थांना बसवलेली किडनी २७१ दिवस चालली. ऑक्टोबरमध्ये तिचं काम मंदावलं म्हणून काढली. डायलिसिसवरच्या माणसाला नऊ महिने यंत्राविना मिळणं लहान गोष्ट नाही. पण जिवंत नातेवाइकाची चांगली जुळलेली किडनी पंधरा-वीस वर्षं चालते, आणि आज निवड करताना तुलना तिच्याशीच करायला हवी.

आता डुकरात काय बदलतात ते. साध्या डुकराची किडनी माणसात बसवली आणि रक्त सोडलं, तर ती काही मिनिटांत ते तासाभरात काळीनिळी पडते. डुकराच्या पेशींवर अल्फा-गॅल नावाची एक साखर असते. गाय, बकरी, बहुतेक सगळ्या सस्तन प्राण्यांत ती असते. माणसात आणि आफ्रिका-आशियातल्या माकडांत नसते. आपल्या आतड्यातल्या जिवाणूंवर तशीच साखर असल्यामुळे तान्हेपणापासून आपलं शरीर तिच्याविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, बनवत राहतं. ती तयारच बसलेली असतात. डुकराच्या रक्तवाहिनीच्या अस्तरावर ती चिकटतात, मागोमाग कॉम्प्लिमेंट ही रक्तातली प्रथिनं पेशींना भोकं पाडतात, गुठळ्या होतात आणि अवयव मरतो.

इथे तुमच्या आईबाबांचा संबंध येतो. बी रक्तगटाची जी साखर असते ती या अल्फा-गॅलच्या अगदी जवळच्या नात्यातली आहे. फ्युकोज नावाच्या एका कडीचाच फरक. ओ गटाच्या माणसात बी-विरोधी प्रतिपिंडं जन्मानंतर लवकरच तयार होतात, तीही अशाच कारणाने. म्हणजे आईची किडनी "जुळत नाही" हे ज्या प्रकारच्या अडथळ्यामुळे म्हटलं गेलं, तसलाच अडथळा डुकराच्या किडनीपुढे पहिला असतो. डुकराच्या बाबतीत तो दूर करायला डुक्कर बदलावं लागतं. आईच्या बाबतीत बाबांच्या रक्तातली प्रतिपिंडं कमी करून काम भागतं, आणि ते तंत्र भारतात रोजच्या वापरात आहे. खाली सविस्तर सांगतो.

तर डुकरात अल्फा-गॅल बनवणारं जनुक बंद करतात. तशीच आणखी दोन साखरा बनवणारी दोन जनुकं बंद करतात, कारण त्यांच्याविरुद्धही बहुतेकांच्या रक्तात प्रतिपिंडं असतात. या तिन्ही साखरा काढलेलं डुक्कर हा आजच्या बहुतेक प्रयोगांचा पाया आहे. एका अमेरिकन कंपनीच्या डुकरात एकूण १० बदल असतात. त्यात या तीनशिवाय वाढीच्या संप्रेरकाला प्रतिसाद देणारं जनुकही बंद असतं, नाहीतर अवयव माणसाच्या अंगात डुकराच्या मापाने वाढत राहतो. मग सहा मानवी जनुकं घालतात. दोन कॉम्प्लिमेंटला आवर घालणारी, दोन गुठळ्या होऊ न देणारी, एक "हा आपलाच आहे" असा इशारा देऊन भक्षक पेशींना थोपवणारं आणि एक दाह कमी करणारं.

यातली गुठळ्यांची बाजू बातम्यांत फारशी येत नाही, पण ती फार महत्त्वाची आहे. आपल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर थ्रॉम्बोमोड्युलिन नावाचं प्रथिन असतं; ते गुठळी आटोक्यात ठेवणारी साखळी चालू करतं. डुकराचं थ्रॉम्बोमोड्युलिन माणसाच्या रक्ताशी नीट जमत नाही. म्हणून प्रतिपिंडांचा हल्ला थांबवला तरी बारीक केशवाहिन्यांत हळूहळू गुठळ्या साचायच्या आणि आठवड्याभरात किंवा महिन्यात अवयव गुदमरायचा. मानवी थ्रॉम्बोमोड्युलिन घातल्यावर हे बरंच कमी झालं. पण जनुक घालणं पुरत नाही. ते रक्तवाहिनीच्या अस्तरात, पुरेशा प्रमाणात आणि कायम चालू राहावं लागतं. काही डुकरांत ते मंद पडतं, म्हणून प्रत्येक पिढीत ऊतींचे नमुने घेऊन तपासावं लागतं.

दुसऱ्या कंपनीच्या डुकरात ६९ बदल आहेत. आकडा ऐकून बाबांना वाटेल, हे दहावाल्यापेक्षा सातपट चांगलं. तसं नाही. त्यातले ५९ बदल एकाच कामासाठी आहेत. डुकराच्या गुणसूत्रांतच पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले काही विषाणू असतात. डुक्कर कितीही स्वच्छ ठेवलं तरी ते जात नाहीत. त्यांच्या ५९ प्रती निष्क्रिय केल्या आहेत. उरलेल्या दहांत तीन साखरा बंद आणि सात मानवी जनुकं. हे विषाणू माणसाला बाधल्याचं आजवर दिसलेलं नाही, त्यामुळे ते बंद करणं आवश्यक की जादा सावधगिरी, यावर जाणकारांत मतभेद आहेत. डीएनए जितक्या जास्त ठिकाणी कापाल तितकी गुणसूत्र तुटण्याची किंवा भलतीकडे जोडलं जाण्याची शक्यता वाढते, म्हणून अशा डुकराचा संपूर्ण जनुकक्रम वाचून पाहावा लागतो.

करतात कसं? डुकराच्या त्वचेतल्या किंवा गर्भातल्या पेशी बशीत वाढवतात. क्रिस्पर-कॅस९ ही कात्री ठरलेल्या जागी डीएनए कापते. पेशी तो तुकडा सांधताना चुकते आणि जनुक बंद पडतं. मानवी जनुकं वेगळी घालतात. मग एकेक पेशी वेगळी वाढवून, हवे ते सगळे बदल असलेली नेमकी निवडतात. डुकरिणीच्या बीजांडातलं केंद्रक काढून त्या जागी ही पेशी ठेवतात, विजेच्या हलक्या झटक्याने दोन्ही एकजीव करतात आणि असे शेकडो भ्रूण एका डुकरिणीच्या पोटात सोडतात. ११४ दिवसांनी पिल्लं होतात; शेकड्यांतून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी जिवंत. काही व्यंग घेऊन जन्मतात, काही दोन-चार दिवसांत जातात. जी टिकतात त्यांच्यापासून पुढे नेहमीसारखी पैदास करता येते.

इथे तुमच्या काकांच्या प्रश्नाचं उत्तर येतं. अशी डुकरं आपल्याकडच्या गोठ्यात वाढवता येणार नाहीत. यात काकांच्या मेहनतीत काही कमी नाही. त्या डुकरांचं घर म्हणजे इस्पितळाच्या शस्त्रक्रियागृहासारखी इमारत असते. पिल्लं सिझेरियनने काढतात किंवा फार लवकर आईपासून तोडतात, कारण बरेच विषाणू पहिल्या काही आठवड्यांत आईकडूनच लागतात. हवा गाळलेली, पाणी शुद्ध केलेलं, खाद्य निर्जंतुक. हॉटेलचं उष्टं तिथे चालतच नाही. आत जाणारा माणूस अंघोळ करून, कपडे बदलून जातो. ठरावीक काळाने रक्त, विष्ठा, नाकातले नमुने तपासतात आणि काही नमुने कित्येक दशकं जपून ठेवतात. आपल्याकडे भातखाचरं, बगळे, डास आणि डुक्कर जवळजवळ असतात. जपानी मेंदूज्वराचा विषाणू डुकरात झपाट्याने वाढतो आणि डासांमार्फत पसरतो. पावसाळ्यात लेप्टो तर कोकणाला नवा नाही, आणि डुक्कर त्याचा वाहक असू शकतं.

एवढी काळजी कशासाठी, याचा धडा जानेवारी २०२२ मध्ये मिळाला. अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठात ५७ वर्षांच्या माणसाला १० बदल असलेल्या डुकराचं हृदय बसवलं. तो दोन महिने जगला. नंतर त्या हृदयात डुकराचा सायटोमेगॅलोव्हायरस सापडला. डुक्कर आधी तपासलेलं होतं, पण नाकातल्या नमुन्यावर. हा विषाणू ऊतींत खोल दडून बसतो, नाकात सापडतोच असं नाही. बबून माकडांवरच्या जर्मन प्रयोगांत हा विषाणू असलेली हृदयं ३० दिवसांच्या आत बंद पडली होती, नसलेली सहा महिन्यांपर्यंत चालली होती. आता त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं रक्तात शोधणारी तपासणी करतात.

शिवाय आपल्याकडे जनुकीय बदल केलेला कोणताही प्राणी पाळायचा तर पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे १९८९ चे नियम लागतात. संस्थेची जैवसुरक्षा समिती, जैवतंत्रज्ञान विभागाची समिती आणि केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची जनुकीय बदलांना मंजुरी देणारी समिती (जीईएसी), अशा पायऱ्या आहेत. त्यामुळे कोणी "अवयवांसाठीच्या डुकरांची पिल्लं देतो, पैसे भरा" म्हणत आला, तर काकांनी एक रुपयाही देऊ नये.

तर एवढे बदल करूनही किडनी का गेली? साखरा काढल्या, गुठळ्या आवरल्या, तरी डुकराच्या पेशीवर हजारो प्रथिनं परकीच राहतात आणि टी-पेशी, म्हणजे परक्यावर हल्ला करणाऱ्या आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी, त्यांना ओळखतात. २०२४ च्या त्या पहिल्या रुग्णात आठव्याच दिवशी नकाराची सुरुवात झाली होती. औषधांनी ती परतवली. माणसाच्या किडनीसाठी लागणाऱ्या टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, स्टिरॉइड यांच्या जोडीला इथे कॉम्प्लिमेंट रोखणारं आणि टी-पेशींचा इशारा तोडणारं अशी आणखी जड औषधं द्यावी लागतात. मात्रा वाढवली तर जंतुसंसर्ग, कमी केली तर नकार. १३० दिवस चाललेल्या किडनीचं तेच झालं: संसर्ग झाला म्हणून औषधं कमी केली आणि शरीराने किडनी नाकारली. मधुमेह असलेल्या माणसात हा तोल साधणं आणखी अवघड जातं.

किडनीच्या कामातही फरक असतो. डुकराच्या किडनीतलं रेनिन हे रक्तदाब सांभाळणारं द्रव्य माणसाच्या रक्तातल्या प्रथिनावर नीट चालत नाही, त्यामुळे रक्तदाब आणि पाण्याचा तोल सांभाळायला डॉक्टरांना सतत लक्ष द्यावं लागतं. डुकराचं एरिथ्रोपोएटिन, म्हणजे रक्त बनवायला लावणारं किडनीतलं संप्रेरक, तेही आपल्याकडे फारसं उपयोगी पडत नाही; रक्त वाढवण्याची इंजेक्शनं चालूच राहू शकतात. माकडांत एक बदललेली किडनी ७५८ दिवस चालली आहे. पण माकडांवरून माणसाचा अंदाज बांधणं सरळ नाही. माणसासाठी त्या तीन साखरांतली जी एक काढणं फायद्याचं, तीच काढल्यावर माकडांच्या रक्ताला नवीन काहीतरी उघडं पडलेलं दिसतं आणि ती जास्त जोराने नाकारतात.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२५ मध्ये दोन कंपन्यांना रीतसर चाचण्यांची परवानगी दिली. त्यातली एक सहा रुग्णांपासून सुरू करून पन्नासांपर्यंत नेण्याची आखणी आहे. घेतात कोणाला, तर ज्यांना माणसाची किडनी देता येत नाही किंवा वेळेत मिळण्याची आशा नाही अशांना. जन्मभर तपासण्या, आणि त्या माणसाने व घरच्या निकटच्या माणसांनी रक्तदान करायचं नाही. भारतात अशी सेवा कुठल्याही रुग्णालयात मिळत नाही. आपला १९९४ चा अवयव प्रत्यारोपण कायदा मानवी अवयवांचा आहे. प्राण्याचा अवयव चाचणी म्हणून द्यायचा तर औषध महानियंत्रकांची परवानगी हवी. १९९७ मध्ये आसामात सोनापूरला डॉ. धनीराम बरुआ यांनी डुकराचं हृदय आणि फुप्फुसं एका रुग्णाला बसवली. त्या डुकरात कसलाही जनुकीय बदल नव्हता. रुग्ण आठवड्याभरात गेला आणि डॉक्टरांना ४० दिवस तुरुंगात काढावे लागले. डुकराच्या किडनीसाठी "यादीत नाव लावून देतो" असं कोणी फोनवर सांगत असेल तर तो फसवतो आहे.

आजींना एक गोष्ट हळूच सांगा. डायलिसिसच्या वेळी यंत्रात रक्त गोठू नये म्हणून हेपरिन देतात. बहुतेक हेपरिन डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून काढतात. हृदयाच्या झडपा डुकराच्या वापरून कित्येक वर्षं झाली. विटाळ मानायचा की नाही हा त्यांचा प्रश्न. पण त्यांच्या लेकाच्या अंगात आठवड्यातून दोनदा जे जातं, ते त्यांना माहीत असलेलं बरं.

आता तुमच्या घराकडे.

पहिली वाट आईची. ओ गटाच्या रुग्णाला बी गटाची किडनी बसवता येते. त्यासाठी बाबांच्या रक्तातल्या बी-विरोधी प्रतिपिंडांचं प्रमाण, म्हणजे टायटर, मोजतात. ते फार चढं नसेल तर शस्त्रक्रियेच्या दोन ते चार आठवडे आधी रिटुक्सिमॅब हे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी कमी करणारं औषध देतात, मग प्लाझ्माफेरेसिसने रक्तद्रव बदलून टायटर साधारण १:८ च्या आसपास किंवा त्याखाली आणतात आणि शस्त्रक्रिया करतात. पहिले दोन आठवडे धोक्याचे; ते निभले की प्रतिपिंडं थोडी परत आली तरी किडनी बहुधा सोसते. खर्च काही लाखांनी वाढतो, संसर्गाचा धोकाही. म्हणून ही पहिली पसंती नव्हे, पण "जुळत नाही" म्हणून मिटवून टाकण्यासारखीही नव्हे.

दुसरी वाट अदलाबदलीची, म्हणजे स्वॅप. दोन कुटुंबांतले दाते परस्परांच्या रुग्णांना किडनी देतात. कायद्यात ती आहे. प्राधिकार समितीची आधी मंजुरी लागते. पण ओ गटाच्या रुग्णांना यात जास्त थांबावं लागतं, कारण ओ गटाचा दाता सहसा आपल्याच माणसाला चालतो, तो स्वॅपला येतच नाही. नाव जरूर लावा, नुसती त्यावर भिस्त ठेवू नका.

तुम्ही आणि बहीण. बाबा ओ, आई बी, म्हणजे तुम्ही दोघं ओ किंवा बी. गट तपासायला हरकत नाही. पण वडिलांना मधुमेह, वय तिशीच्या आत; अशा मुलांना पुढे स्वतःला मधुमेह होण्याची शक्यता लक्षात घेऊन बरीच केंद्रं हात आखडता घेतात, आणि ते बरोबर आहे. या एका बाबतीत बाबांची माया आणि वैद्यकाचा सल्ला एकाच बाजूला आहेत.

राहिले काका. सख्खा भाऊ. पत्रात तुम्ही त्यांची डुकरं विचारलीत, त्यांच्या स्वतःच्या तपासणीबद्दल काहीच लिहिलं नाहीत. बहुधा कोणी सुचवलंच नसावं. भाऊ कायद्याने जवळचा नातेवाईक आहे, वेगळ्या समितीची गरज पडत नाही. ओ गटाच्या माणसाचा भाऊ ओ असण्याची शक्यता चांगली असते, आणि सख्ख्या भावंडांत ऊतींची पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारात एक. काकांना स्वतःला मधुमेह वा रक्तदाब नसेल तर सगळ्यात आधी त्यांचा विचार व्हायला हवा होता. गट जुळला तर क्रमाने क्रॉसमॅच (बाबांच्या रक्तातली प्रतिपिंडं दात्याच्या पेशींवर हल्ला करतात का ते बघणारी तपासणी), साखर (नुसती उपाशीपोटीची नव्हे, ग्लुकोज पाजूनची आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी), लघवीतलं प्रथिन, सोनोग्राफी, प्रत्येक किडनीचं काम मोजणारा डीटीपीए स्कॅन आणि शेवटी सीटी अँजिओग्राफी. डुकरांत काम करतात हे डॉक्टरांना आपणहून सांगायचं. लेप्टो होऊन गेला असेल तर तेही.

काका असोत की आई, विचारायची पद्धत महत्त्वाची. घरच्या बैठकीत सगळ्यांदेखत विचारू नका. तिथे नाही म्हणणं अवघड असतं. प्रत्यारोपण समन्वयक दात्याशी एकट्याने बोलतात आणि दाता शेवटच्या क्षणापर्यंत माघार घेऊ शकतो. त्याचं कारण बाकीच्यांना सांगितलं जात नाही. आपल्याकडे किडनी देणाऱ्यांत बायका जास्त असतात. आई खरंच मनाने तयार आहे की "मी नाही देणार तर कोण" म्हणून, हे तिला एकटीला विचारलं पाहिजे. दात्याची शस्त्रक्रिया बहुधा दुर्बिणीतून होते, चार-पाच दिवसांत घरी, जड उचलणं साधारण सहा आठवडे बंद. बाबांना वाटतं तशी ती पोट फाडणारी सुरी नाही, पण मोठी शस्त्रक्रिया आहे हेही लपवू नका.

या सगळ्याच्या जोडीने मेंदूमृत दात्याच्या यादीत बाबांचं नाव आजच लागायला हवं. चौदा महिने ते लागलेलं नसेल तर फार झालं. नोंदणी प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयामार्फत होते आणि नोटो या अवयवदानाच्या राष्ट्रीय संस्थेचा क्रमांक मिळतो. २०२३ पासून अधिवासाची अट नाही. रुग्णालय निवडताना रस्ता बघा. राजापूरहून अणुस्कुरा घाटाने कोल्हापूर मुंबईपेक्षा पुष्कळ जवळ. फोन आल्यावर काही तासांत पोचून क्रॉसमॅच, हवं तर डायलिसिस आणि मग शस्त्रक्रिया असते. किडनी बर्फात साधारण २४ तास राहते, पण प्रत्येक तासाने थोडी खराब होते. जुलैत दरड कोसळून घाट बंद झाला तर पर्यायी रस्ता कोणता, रात्री गाडी कोणाची, हे आधी ठरवून ठेवा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणासाठी साडेचार लाखांपर्यंत मदत आहे. कोणत्या रुग्णालयात ती चालते हे आरोग्यमित्राला विचारा.

आणि एक गोष्ट लगेच. बाबांना पुन्हा रक्त चढवायची वेळ आली तर डॉक्टरांना विचारा: लोह आणि एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं पूर्ण मात्रेत चालू आहेत का? दुसऱ्याचं रक्त घेतलं की त्यातल्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ शकतात, आणि मग भाऊ, बायको, यादीतला दाता, कोणाशीच क्रॉसमॅच जुळेनासा होतो. अशी काही प्रतिपिंडं डुकराच्या पेशींनाही चिकटतात, म्हणजे बाबांची आवडती वाटही त्याने अरुंद होते. जीव वाचवायला रक्त लागलं तर घ्यायचंच. नुसतं हिमोग्लोबिन सात-आठ दिसलं म्हणून नको. दोनदा घेतलं आहे, तेव्हा अशी प्रतिपिंडं किती झाली आहेत हे सांगणारी पीआरए तपासणी करून घ्या.

तोवर शरीर प्रत्यारोपणाच्या लायक ठेवायचं. लघवी कमी होत असेल तर आठवड्यातून तीनदा चार-चार तास डायलिसिस मागा. आदल्या दिवशी जेवढी लघवी झाली त्यात अर्धा लिटर मिळवून तेवढंच पाणी, त्यात चहा, पेज, आमटी सगळं आलं. दोन डायलिसिसच्या मध्ये वजन दोन-अडीच किलोपेक्षा जास्त वाढू नये. शहाळं बंद: एका शहाळ्यात साधारण ६०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, दिवसभराच्या मर्यादेच्या जवळपास तिसरा हिस्सा, आणि ते एका दमात जातं. फणस, केळी, आंबा डॉक्टरांना विचारून, फोडींत मोजून. सुकट, सुके बोंबील, मिठातली कैरी यांतलं मीठ तहान वाढवतं. "कमी सोडियमचं" मीठ तर मुळीच नको, त्यात पोटॅशियम असतं. पाच धारांचं आंबट करमल, ज्याला कमरखही म्हणतात, त्याची एक फोडही देऊ नका. किडनी गेलेल्या माणसात त्याने न थांबणारी उचकी, भ्रम, झटके येतात आणि जीवही गेला आहे. बिंबलाचा रसही टाळा.

फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडलेल्या, हातावर रोज सकाळी बोटं ठेवून थरथर लागते का बघायचं. थांबली तर त्याच दिवशी रत्नागिरी गाठायची. त्या हाताने पाण्याच्या कळशा नाहीत, त्या हातावर रक्तदाबाचा पट्टा नाही. हिपॅटायटिस बी ची लस दुप्पट मात्रेत, ०, १, २ आणि ६ महिन्यांनी, झाली आहे का ते कार्डावर बघा. झाली असेल तर प्रतिपिंडांची पातळी तपासा. दात किडलेले असतील तर आत्ताच काढून घ्या, कारण प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबलेली असताना एक किडलेला दातही रुग्णालयात भरती करवतो.

पुढच्या डायलिसिसला जाताना एका फाइलमध्ये बाबांचे सगळे जुने रिपोर्ट, रक्त चढवल्याच्या तारखा आणि आईचा रक्तगट ठेवा. किडनी तज्ज्ञांना एवढंच विचारा: टायटर आणि पीआरए कधी करायचं, यादीत नाव कोणत्या रुग्णालयातून लावायचं, आणि काकांना तपासणीला कधी पाठवू.